नखं उपटू नका, उतरवा!

ताईची टपालपेटी



या वेळच्या टपालात एक पत्र असं होतं, की ते बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी वाचावं लागलं. पत्र नववीतल्या एका मैत्रिणीचं आहे. नाव छापू नका अशी तिची विनंती आहे, म्हणून आपण तिला नुसतं ‘मैत्रीण’च म्हणू या. ती लिहिते :

“मावसबहिणीच्या लग्नात आम्ही सगळ्या बहिणींनी पार्लरमध्ये जाऊन अ‍ॅक्रिलिकची नखं लावून घेतली. मला वाटलं, दोन-चार दिवसांत आपोआप निघतील. पण ती हलतसुद्धा नाहीत! सोमवारपासून शाळा आहे. एक नख मी दातांत धरून ओढून काढलं. तर खालचं माझं नख पांढरं, खरखरीत झालं आणि आता गरम पाणी लागलं की झोंबतं. एका व्हिडिओत असिटोनची वाटी गरम पाण्यात ठेवून त्यात बोटं बुडवायला सांगितलंय. बाबा रागावतील म्हणून बाथरूमचं दार लावून गुपचूप करू का?”

नाही, नाही आणि नाही! दातानं ओढायचं नाही, असिटोन गरम करायचं नाही आणि दार लावून तर मुळीच काही करायचं नाही. तिला हे आम्ही लगेच कळवलं. पण सणवार, लग्न, स्नेहसंमेलन यांच्या निमित्तानं अशी नखं लावणारे तुमच्यात आणखीही असतील. तेव्हा ही गोष्ट नीट समजून घेऊ या. ‘का’ हे कळलं, की ‘कसं’ हे विसरायला होत नाही, बरं का!

नख म्हणजे चिरोटा

आधी आपलं स्वतःचं नख पाहू. ते केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. आपले केस, गाईची शिंगं, घोड्याचे खूर हे सगळे त्याच गोतावळ्यातले. बोटावर दिसणारं नख निर्जीव असतं, म्हणून तर नेलकटरनं कापताना दुखत नाही. जिवंत भाग दोन ठिकाणी असतो. एक नखाच्या खालची गुलाबी कातडी आणि दुसरं नखाचं मूळ. हे मूळ बोटाच्या कातडीखाली लपलेलं असतं. अंगठ्याच्या नखाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते ना, ती त्याच मुळाची बाहेर डोकावणारी कड.

नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. पण तेवढ्यात चपट्या पेशींचे कितीतरी थर एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असतात. चिरोट्याचे पदर आठवा! मुलांची नखं मोठ्या माणसांपेक्षा पातळ असतात, म्हणजे त्यांच्या चिरोट्याचे पदरही नाजूक.

आता अ‍ॅक्रिलिकचं नख लावताना काय करतात? आधी आपल्या नखाची चकाकी घासून काढतात. नख खरखरीत झालं, की वरचं अ‍ॅक्रिलिक त्याला छान धरून बसतं. म्हणूनच ते ओढून काढलं, तर एकटं निघत नाही. चिरोट्याचे वरचे पदर सोबत घेऊनच निघतं! आपल्या मैत्रिणीचं नख पांढरं आणि खरखरीत झालं ते याच कारणानं. नख पातळ झालं, की खालच्या जिवंत कातडीला उष्ण-थंड जास्त जाणवतं. म्हणून ते झोंबणं.

थोडक्यात काय, नखाची जास्त नासाडी होते ती काढतानाच्या घाईमुळे.

दंतवैद्याची करामत

तुमच्या आजी-आजोबांची कवळी कधी निरखून पाहिली आहे? दात जिच्यात बसवलेले असतात ती गुलाबी हिरडी बहुधा अ‍ॅक्रिलिकचीच असते. आणि नखांचा या कवळीशी खरोखरच नातेसंबंध आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्यानं आपल्या मोडलेल्या नखासाठी दातांच्या कामातलं अ‍ॅक्रिलिक वापरून पाहिलं. तिथून या नखांचा प्रवास सुरू झाला.

पार्लरमध्ये एक उग्र वासाचा द्रव आणि एक पांढरी किंवा गुलाबी पूड असते. द्रवातले रेणू सुटे सुटे असतात. ब्रश द्रवात बुडवून पुडीत टेकवला, की हे रेणू एकमेकांचे हात धरायला लागतात आणि लांबलचक साखळ्या तयार होतात. साखळ्या एकमेकींनाही मध्ये मध्ये जोडल्या जातात आणि एक जाळं विणलं जातं. काही मिनिटांतच त्या मऊ गोळ्याचं टणक प्लॅस्टिक होतं. नेलपॉलिश नुसतं वाळतं, अ‍ॅक्रिलिक मात्र रासायनिक क्रियेनं घट्ट होतं. म्हणून ते साबणानं, तेलानं किंवा गरम पाण्यानं निघत नाही.

ते सैल करायला लागतं असिटोन. थर्मोकोलच्या तुकड्यावर असिटोन पडलं, तर तो बघता बघता बसतो, कारण त्याच्या साखळ्या सुट्या होतात आणि आतली हवा निघून जाते. अ‍ॅक्रिलिकच्या नखात साखळ्यांचं जाळं असतं, त्यामुळे ते असं चटकन विरघळत नाही. असिटोन हळूहळू जाळ्यात शिरतं, नख फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी चिकट लगदा होतो. साबुदाणा भिजायला जसा वेळ द्यावा लागतो, तसाच इथेही द्यावा लागतो. तासभर भिजायला हवा असलेला साबुदाणा पाच मिनिटांत उपसला तर खिचडी कशी होईल? दाताखाली कचकच! नखांचंही तसंच.

असिटोन : उपयोगी, पण रागीट

हा पाण्यासारखा दिसणारा द्रव फार चटकन पेट घेतो. तो ५६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे चहाच्या पाण्यापेक्षा कितीतरी आधी. पण त्याची वाफ व्हायला उकळावंही लागत नाही. साध्या हवेतही ती भराभर होत असते. आणि गंमत नाही, धोक्याची गोष्ट अशी, की ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते. दूरवरच्या ज्योतीपर्यंत ती पोचली, तर आग तिथून उलटी वाटीपर्यंत धावत येऊ शकते.

आता बंद बाथरूमचा विचार करा. खिडकी एवढीशी, दार लावलेलं, कोपऱ्यात गॅसचा गीझर, आणि गरम पाण्यात ठेवलेली असिटोनची वाटी! आम्ही तीनदा ‘नाही’ का म्हटलं, ते आता लक्षात आलं ना? व्हिडिओत दाखवतात तो गरम पाण्याचा उपाय असिटोनची वाफ वाढवतो. तो करायचाच नाही.

तयारी

हे काम आई, बाबा, काकू, मोठी ताई अशा कोणातरी मोठ्या माणसासोबतच करायचं. एक तर असिटोन हाताळायचं असतं, आणि दुसरं म्हणजे एका हाताची बोटं गुंडाळलेली असताना आपलं आपल्याला नीट जमतही नाही.

वेळ दिवसाची निवडा. जागा खिडक्या उघड्या असलेली, स्वयंपाकघरापासून लांबची. देवापुढचं निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, कुणाची विडी-सिगारेट यातलं काहीही जवळपास पेटतं नको. लहान भावंडांना आणि मांजराला बाहेर पाठवा.

साहित्य असं : असिटोन, कापूस, पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, नेलकटर, नखं घासायची पट्टी, लाकडाची चपटी काडी (आइस्क्रीमची धुतलेली काडीही चालेल), व्हॅसलीन आणि खोबरेल तेल. असिटोन ओतायला काचेची किंवा स्टीलची वाटी घ्या. काही प्लॅस्टिक त्यानं विरघळतात. टेबलाच्या पॉलिशवर आणि काही कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांवरही त्याचे डाग पडतात, म्हणून खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि घरातले जुने सुती कपडे घाला.

बाटलीवरचं लेबल वाचा. ‘असिटोनविरहित’ असं लिहिलेलं नेलपॉलिश रिमूव्हर या कामाला उपयोगी पडत नाही.

आणि एक महत्त्वाची तपासणी. बोट लाल झालंय, सुजलंय, पू दिसतोय, नखाखाली हिरवट डाग आहे, किंवा कातडी फाटलेली आहे? मग घरी काहीही करू नका. थेट डॉक्टरांकडे जा. मैत्रिणीच्या झोंबणाऱ्या बोटालाही असिटोन लावायचं नाही. ते नख तर निघालेलंच आहे, त्याला आता फक्त आराम हवा.

आता करू या सुरुवात

१. नख बोटाच्या बाहेर जेवढं आहे तेवढं नेलकटरनं कापा. एकदम मधोमध चावा घेऊ नका. दोन्ही कडांनी थोडं थोडं कापत मध्ये या. कापताना आतून ओढल्यासारखं वाटलं तर थांबा आणि उरलेलं पट्टीनं घासून कमी करा.

२. वरची चकाकी पट्टीनं घासून काढा. वर रंगाचा किंवा चमकीचा थर असेल तर असिटोन आत शिरत नाही. पण आपल्या नखापर्यंत घासत जायचं नाही हं! बोट गरम लागलं किंवा दुखलं तर लगेच थांबायचं. ही भुकटी नाकात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मास्क बांधा आणि ती फुंकरीनं न उडवता ओल्या कापडानं पुसा.

३. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावा. असिटोन कातडीतलं तेल शोषून घेतं आणि ती पांढरी, कोरडी पडते. व्हॅसलीनमुळे तिला पांघरूण मिळतं. नखावर मात्र व्हॅसलीन लागू देऊ नका.

४. नखाएवढा कापसाचा बोळा असिटोनमध्ये भिजवा. थेंब गळणार नाहीत इतपत पिळा, नखावर ठेवा आणि बोटाच्या टोकाभोवती चंदेरी कागद गुंडाळा. कागदामुळे असिटोन उडून जात नाही. एका वेळी एकच हात. बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावा.

५. आता वीस ते तीस मिनिटं स्वस्थ बसा. या वेळात डोळे चोळायचे नाहीत, नाकातोंडाला हात लावायचा नाही आणि खाऊही खायचा नाही. गोष्टीचं पुस्तक कुणाला तरी वाचून दाखवायला सांगा. किंवा पाढे म्हणा! डोकं दुखलं, गरगरलं किंवा बोट चुरचुरलं, तर कागद सोडा, साबणानं हात धुवा आणि मोकळ्या हवेत जा.

६. आधी एकाच बोटाचा कागद सोडून पाहा. अ‍ॅक्रिलिक मऊ झालं असेल, तर लाकडी काडीनं मुळाकडून टोकाकडे हलकेच सारा. सायीसारखं सरकलं तर ठीक. नाही सरकलं, तर काडी खुपसायची नाही. नवा बोळा लावून आणखी दहा मिनिटं थांबा.

७. एकदोन पातळ ठिपके उरले तर उरू देत. ते खरवडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा बोळा लावलेला बरा.

८. हात साबण आणि कोमट पाण्यानं धुवा, पुसा आणि नखांना, कडांना खोबरेल तेल चोळा. पुढचे काही दिवस रात्री झोपताना हे तेल लावत राहा. नखं आखूड ठेवा आणि नेलपॉलिशला थोडी सुट्टी द्या.

९. वापरलेले बोळे लगेच कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. गॅलरीत, आगीपासून दूर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर पूर्ण वाळू द्या आणि मग टाका. बाटली लहानांच्या हाताला लागणार नाही अशा थंड जागी ठेवा.

निघतच नाही तेव्हा

पाऊण तास झाला, तरी नख दगडासारखंच? मग थांबा. दोन शक्यता असतात. एक, ते अ‍ॅक्रिलिक नसून दिव्याखाली घट्ट केलेलं कडक जेल असेल. काही जेल असिटोननं मऊ होतात, पण कडक जेल घासूनच काढावं लागतं. दुसरी शक्यता जास्त काळजीची. काही स्वस्त मालात मिथाइल मेथाक्रिलेट नावाचा द्रव वापरतात. त्याचं नख इतकं कडक बसतं, की कुठे आदळलं तर ते मोडण्याऐवजी खालचं खरं नखच उखडतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, नखांना इजा झाल्याच्या तक्रारींवरून, निव्वळ या द्रवाच्या मालाविरुद्ध कारवाई केली होती. अशी नखं असिटोनला दाद देत नाहीत. दोन्ही बाबतींत जाणत्या माणसाकडून काढून घेणं हेच शहाणपणाचं.

आणि गोंदानं चिकटवायची तयार नखं? ती सोपी. साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बोटं बुडवा, कडेनं तेल सोडा, हळूहळू सैल करा. पण त्या गोंदाची बाटली जपून हाताळा. हा झटपट चिकटणारा गोंद सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडला, तर रासायनिक क्रियेनं तो इतका तापतो की खालची कातडी भाजू शकते. म्हणून सांडलेला गोंद कापसानं टिपायला जाऊ नका. कपड्यावर सांडला तर कपडा लगेच अंगापासून दूर करा, भाजलं असेल तर वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि मोठ्यांना हाक मारा.

नखं उगाच नाहीत

‘एवढं काय त्या नखांचं?’ असं कुणी म्हणेल. पण डॉक्टर रोग्याची नखं आवर्जून पाहतात, कारण त्यांचा रंग बरंच काही सांगतो. २०२० च्या कोविडच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. तो बोटाच्या टोकातून, नखामधून प्रकाश पाठवून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो. वर जाड रंगीत नख असलं, तर त्याला अडथळा येऊ शकतो. कृत्रिम नखांखाली जंतूही जास्त साठतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शनात, रुग्णांना हात लावणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांनी कृत्रिम नखं वापरू नयेत असं म्हटलं आहे.

आणखी एक. अ‍ॅक्रिलिकच्या द्रवाची काहींना अ‍ॅलर्जी होते. बोटं खाजतात, नखाभोवती पुरळ येतो. अशी अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर सोबत राहते, आणि पुढे दातांच्या उपचारात तशाच पदार्थांनी त्रास होऊ शकतो. म्हणून खाज सुटली, की ‘सवय होईल’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मंडळी, मैत्रिणीच्या पत्रातलं सगळ्यांत काळजीचं वाक्य कुठलं? आम्हाला तरी ‘बाबा रागावतील’ हेच वाटलं. नख पुन्हा येतं हो. पण रागाच्या भीतीनं मूल बंद दाराआड ज्वालाग्राही द्रव घेऊन बसलं, तर काय होईल, याचा विचार करा. नखं का लावली, पैसे किती गेले, शाळेत काय म्हणतील, हे सगळं बोलायचं तर जरूर बोला. पण नखं उतरल्यावर! आधी खिडकी उघडा, शेजारी बसा आणि कापसाचे बोळे करून द्या. त्या अर्ध्या तासात मूल तुमच्याशी आणखीही काही बोलेल. वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी लिहून दोन दिवसांची सवलत मागितली, तर त्याही समजून घेतील. आणि घरी जमेलसं वाटत नसेल, तर पार्लरमध्ये नेऊन काढून आणा, त्यात काही कमीपणा नाही.

मेंदीचं गणित

आता दुखावलेलं नख बरं व्हायला किती दिवस लागतात? खरं म्हणजे नख ‘बरं’ होत नाही. ते निर्जीव असल्यानं त्याचे गेलेले पदर पुन्हा भरून येत नाहीत. मुळातून नवं नख येतं आणि जुन्याला पुढे ढकलतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं नख यायला अंदाजे सहा महिने लागतात. पायाच्या नखाला तर वर्ष-दीड वर्ष!

हे तुम्हाला घरीच पाहता येईल. मेंदी काढल्यावर तळहाताचा रंग काही दिवसांत उडतो, पण नखावरचा राहतो, हो ना? कारण तळहाताची वरची कातडी सतत झडत असते, नख मात्र झडत नाही, नुसतं पुढे सरकतं. थोड्याच दिवसांत मुळाशी बिनरंगाची एक कोर दिसू लागते. ती कोर दर रविवारी पट्टीनं मोजा आणि वहीत मांडा. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांत कुणाचं नख लवकर वाढतं? उजव्या आणि डाव्या हातात फरक पडतो का? मुलग्यांनो, तुम्हीही एका नखावर मेंदीचा ठिपका लावायला हरकत नाही. कुणी चिडवलं, तर ‘प्रयोग चालू आहे’ म्हणून सांगा!

दोन महिन्यांनी तुमचे आकडे आम्हाला कळवा. चांगल्या नोंदी याच पानावर छापू.

तुमची,
ताई